रायवळाच्या सालीवरचं

आमच्या बांधावरच्या रायवळ आंब्याच्या खोडाला तांबूस-तपकिरी थर चढायचा. आम्ही त्याला शेवाळ म्हणायचो. "झाडाचा रस पितंय ते," असं वडील म्हणायचे, म्हणून मी दोन-चार वर्षांनी विळ्याच्या पाठीनं खरवडून काढायचो.

एका श्रावणात वनस्पतीशास्त्र शिकणारी एक मुलगी पाहुण्यांच्या ओळखीनं आली. थर बघून म्हणाली, "काका, हे शेवाळ नाही. ह्याला पानं आहेत, बघा." तिनं भिंग दिलं. मी दहावीपर्यंत शिकलेला माणूस, पण भिंगातनं झाड कधी बघितलं नव्हतं.

दोऱ्याएवढी फांदी, तिला दोन बाजूंनी पानांच्या दोन ओळी. कौलांसारखी एकावर एक, पण कौलं उलटी बसवल्यासारखी. खालच्या पानाची कड वरच्या पानावर चढलेली. फांदी पालथी केली तर पोटाकडं बारक्या पानांची तिसरी ओळ, शेळीच्या खुरासारखी टोकाला दुभंगलेली. आणि मोठ्या प्रत्येक पानाखाली एक इवलीशी टोपी. तिच्यात पाणी साठतं म्हणे. "टोपी दिसली की फ्रुलानिया," ती म्हणाली. लिव्हरवर्टमधलं हे एक कूळ. सालीला नुसतं धरून राहतं, झाडाचं काही खात नाही.

म्हणजे चाळीस वर्षं मी उगीचच खरवडत होतो.

थोडं कागदाच्या पुडीत घेऊन, वर झाड, उंची, तारीख लिहून ती गेली. पुढच्या वर्षी फोन आला. कूळ कळलंय, पण त्यातली नेमकी जात ठरत नाही. पेशींत तेलाचे बारीक थेंब असतात, त्यांचा आकार आणि संख्या बघावी लागते, आणि वाळलं की ते थेंब नाहीसे होतात. "त्याच झाडावरचं ओलं पाहिजे, काका."

आंबा मी उन्हाळ्यातच लाकडाच्या व्यापाऱ्याला दिला होता. थोरलीच्या लग्नाचं देणं होतं. फोनवर एवढंच म्हणालो, "ये, बघू."

ती आली. बुंधा बघून काही बोलली नाही, त्याचंच जास्त लागलं. मग दिवसभर फणस, हिरडा, जांभूळ धुंडाळले. एक हिरवं सापडलं; भिंग लावलं तर टोपी नाही, नुसती पानाची कड खाली मुडपलेली. तिच्या आधी मीच म्हणालो, "हे ते नव्हं."

जाताना भिंग ठेवून गेली. पावसात मी खोडं बघत फिरतो, घरचे हसतात. आजवर दोनदा तिला फोन केला. दोन्ही वेळा वेगळंच निघालं.