एकाच पानावर

माझी धाकटी लेक यंदा आठवीत आहे. जन्मली तेव्हा एक किलो आठशे ग्रॅमची होती. ती जगली याचं श्रेय आई रतनवाडीच्या अमृतेश्वराला देते, बायको तिच्या माहेरच्या देवीला. मी दोघींशीही वाद घालत नाही. पण माझा जन्म हिशेब लिहिण्यात गेला. या मुलीच्या खात्यावर कोणाकोणाचं देणं निघतं, ते मी मनाशी मांडून ठेवलं आहे. त्यातल्या बऱ्याच जणांना मी कधी पाहिलेलं नाही, आणि त्यांना आमच्या गावाचं नाव माहीत असण्याचं काही कारण नाही. यादीच्या अगदी वर मात्र आमच्या अंगणवाडीच्या बाई आहेत.

आमचं गाव अकोले तालुक्यात, भंडारदऱ्याच्या पलीकडे. भात, नागली, वरई एवढंच पिकतं आणि पाऊस मात्र नको इतका पडतो. मोठं दुखणं आलं की राजूरचं ग्रामीण रुग्णालय गाठायचं. औषध तिथे फुकट मिळतं. माणसाला घाम फुटतो तो तिथवर पोचायच्या भाड्याने. रात्री जीप काढायची तर चालक आधी पैसे मागतो, आणि आवणीच्या दिवसांत कुणाच्याच घरात रोकड नसते.

२००५च्या एप्रिलमध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झालं. त्यात गावोगाव आरोग्य समिती नेमायची होती. तिचं सरकारी नाव ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती. एवढं नाव एका दमात घेणारा माणूस आमच्याकडे एकच होता, तो म्हणजे ग्रामसेवक. दीड हजार वस्तीपर्यंतच्या गावाला वर्षाचे १०,००० रुपये मिळायचे आणि ते कशावर खर्च करायचे हे गावाने ठरवायचं होतं. सरकारी पैशाला असं मोकळं सोडलेलं आम्ही आधी पाहिलं नव्हतं. बँकेत खातं उघडलं, सह्या समितीच्या अध्यक्षांच्या आणि बाईंच्या. बाई सातवी शिकलेल्या. माझं अक्षर बरं, म्हणून ठराव आणि खर्चाची वही लिहायचं काम माझ्याकडे आलं. पगार नव्हता, चहा होता.

या निधीच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये एक बारीकशी तरतूद होती. अडचणीतल्या कुटुंबाला या रकमेतून उचल देता येईल आणि कुटुंबाने ती हप्त्याहप्त्याने परत करायची, अशी. मी सगळं परिपत्रक वाचून दाखवत होतो. बाईंनी मला तिथेच थांबवलं. म्हणाल्या, “हे पुन्हा वाच.” पुन्हा वाचलं. “म्हणजे जीपचं भाडं यातनं देता येईल?” येईल म्हटलं. “मग बाकीचं राहू दे. पाण्याच्या टीसीएल पावडरीचे आणि वजनकाट्याच्या दुरुस्तीचे तेवढे काढ.”

पैसे यायचे ते बहुधा फेब्रुवारीच्या शेवटी, आणि मागोमाग निरोप यायचा की मार्चअखेर खर्च दाखवा. खर्च दाखवायची घाई झाली की पुरवठादार आपोआप उगवतात. एका वर्षी वरून तोंडी सांगणं आलं: अमुक दुकानातून फलक आणि तसबिरी घ्या, बिल तयार आहे, फक्त चेकवर सही हवी. आजूबाजूच्या गावांनी सह्या केल्या. बाईंनी बिल उलटंपालटं केलं, मला रक्कम वाचायला लावली आणि आलेल्या माणसाला म्हणाल्या, “सही माझी हाय. गावात वाचताना तोंड माझं दिसणार. तुम्ही याल का वाचायला?” तो गेला तो परत आला नाही.

हे वाचणं म्हणजे काय ते सांगितलं पाहिजे. अंगणवाडीची सरकारी रजिस्टरं पुढे अकरा ठरली. बाईंनी स्वतःचं बारावं ठेवलं होतं, साधी दोनशेपानी वही. उचल कोणाला दिली, कधी, कशासाठी आणि परत किती आली ते त्यात असायचं. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या तारखांना ग्रामसभा असते आणि तिच्याआधी महिलांची सभा घ्यावी लागते. त्या महिलासभेत बाई ती वही पहिल्या ओळीपासून वाचायला लावत. नावं गाळायची नाहीत, आणि कोणाची बाकी राहिली तर तिच्यावर शेराही मारायचा नाही. एका कुटुंबाने दोन वर्षं एक पैसा परत केला नव्हता. त्यांचं नावही त्याच आवाजात वाचलं जायचं. तिसऱ्या वर्षी त्या घरातली म्हातारी सभेत उठून पदराची गाठ सोडू लागली तेव्हा बाई तिला म्हणाल्या, “बस गं. हिरड्याचे पैसे आले की दे.”

२०१२च्या जुलैत आमची पाळी आली. बायकोला आठव्या महिन्यात कळा सुरू झाल्या. १०८ची गाडी महाराष्ट्रात सुरू व्हायला अजून दीड वर्ष होतं आणि फोनला रेंज टेकडीवर. मी छत्री घेऊन बाईंच्या दारात गेलो. निधीतली थोडी रक्कम बाई पावसाळ्यात घरीच डब्यात ठेवत, तसा समितीचा ठराव होता आणि तो मीच लिहिला होता. त्यांनी पैसे मोजले, मला पुन्हा मोजायला लावले, वहीत माझं नाव माझ्याकडूनच लिहून घेतलं आणि मग माझ्याआधी जीपवाल्याच्या घराकडे चालू लागल्या. रात्री राजूरला मुलगी झाली.

चार दिवसांनी घरी आलो. त्याच्या आदल्याच वर्षी नवजात बाळाची घरी जाऊन काळजी घ्यायचं काम सरकारने आशाताईंकडे दिलं होतं. दवाखान्यातल्या बाळंतपणानंतर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी भेट द्यायची आणि सगळ्या भेटी पुऱ्या केल्या की २५० रुपये मिळायचे. तिसऱ्या दिवशी आम्ही राजूरलाच होतो. सातव्या दिवशी आमची आशा चिखल तुडवत आली. तिने हात धुतले, झोळीच्या काट्याला बाळ अडकवून वजन घेतलं, काखेत तापमापी धरली, घड्याळ लावून श्वास मोजले. मिनिटाला साठ किंवा जास्त भरले तर लगेच न्यायचं, हे तिने बाळाच्या आईकडून तीनदा वदवून घेतलं. बाळाला अंघोळ घालू दिली नाही. आईच्या उघड्या छातीशी बाळ बांधून वरून गोधडी घातली. माझी आई आधी चिडली आणि मग तीच त्या गोधडीची राखण करायला बसली.

तेव्हा मला हे काम कुठून आलं ते ठाऊक नव्हतं. पुढे तालुक्यातल्या एका छोट्या आरोग्य संस्थेत हिशेबनीस म्हणून लागलो आणि अनुदानाचे अर्ज लिहिता लिहिता त्याचा माग लागला. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ने गडचिरोलीत ३९ गावांमध्ये गावातल्याच बायांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं आणि शेजारच्या ४७ गावांशी तुलना केली. जिथे काम झालं तिथे हजार जन्मांमागे ६२ अर्भकं पहिल्या महिन्यात दगावत होती. १९९७-९८पर्यंत तो आकडा पंचवीसच्या आसपास आला. डिसेंबर १९९९मध्ये हे ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं. पैसे मुख्यतः फोर्ड आणि मॅकआर्थर या दोन अमेरिकी प्रतिष्ठानांचे होते. एक किलो आठशे ग्रॅमची माझी मुलगी त्या पैशांची देणेकरी आहे, हे मान्य करायला मला जड जात नाही.

पण मी अडखळतो तो त्या ४७ गावांपाशी. तिथल्या बायांनी जन्म सांगितले, मरणं सांगितली. दारात येणाऱ्याला बसायला पाट दिला असेल. तुलना करायची म्हणून त्यांच्याकडे ते काम पोचलं नव्हतं. त्यांचा आकडा शेजारी नसता तर ६२चे २५ झाले ते कशाने, हे कोणालाच ठामपणे सांगता आलं नसतं. मग सरकारने ऐकलं नसतं, आशाला २५० रुपये मिळाले नसते आणि ती सातव्या दिवशी आमच्या दारात उभी राहिली नसती. अनुदानाच्या अहवालात देणगीदारांचे आभार असतात, संशोधकांची नावं असतात. या बायांचं देणं मी कुठे जमा करू?

आमच्याच जिल्ह्यात जामखेडला डॉ. रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी सत्तरच्या दशकापासून निरक्षर, बऱ्याचदा दलित बायांना गावाच्या आरोग्यसेविका केलं, हेही मला नोकरी लागल्यावर कळलं. म्हणजे आमच्या बाई एकट्या नव्हत्या. फक्त त्यांना कोणी कार्यकर्ता म्हणत नव्हतं आणि मानधन वेळेवर येत नव्हतं.

संस्थेत मी पैशाची दुसरी रीत शिकलो. २०१४पासून मोठ्या कंपन्यांना नफ्याचा दोन टक्के भाग समाजकार्यावर खर्च करणं कायद्याने आलं आणि डोंगरातल्या गावांपर्यंत नवे साहेब येऊ लागले. ती माणसं वाईट नव्हती. पण त्यांचं वर्ष मार्चला संपतं, प्रकल्प तीन वर्षांनी संपतो, आणि प्रत्येक रुपयाला आधीच हेड ठरलेलं असतं. प्रशिक्षणाला हेड असतं, फलकाला असतं, फोटोलाही असतं. रात्री दोन वाजता लागणाऱ्या जीपला नसतं. २०२०च्या सप्टेंबरमध्ये परदेशी देणग्यांचा कायदा बदलला आणि मोठ्या संस्थेने तो पैसा छोट्या संस्थेकडे पुढे देण्याची सोयही संपली. आमच्यासारख्या संस्था त्याच ओघळावर जगत होत्या. ऐन कोविडमध्ये आमचे निम्मे लोक घरी बसले. त्या हंगामात गावात चालू राहिलं ते बाईंचं खातं, कारण ते दहा हजार आणि परत आलेले हप्ते यांच्यापलीकडे कोणावर अवलंबून नव्हतं.

मुलीच्या वेळची माझी उचल मी भाताच्या हंगामात फेडली. फेडेपर्यंत १५ ऑगस्टला आणि २ ऑक्टोबरला माझं नाव वाचलं गेलं, आणि वाचणारा मीच होतो. स्वतःच्या नावापुढची बाकी मोठ्याने वाचताना घसा कोरडा पडतो. पण समोर बसलेल्यांपैकी निम्म्या बायांची नावं त्याच वहीत कधी ना कधी आलेली होती. त्यांनी माझ्याकडे जसं पाहिलं तसंच पुढच्या नावाकडे पाहिलं.

पुढे पगार बरा झाला तेव्हा मी खात्यात थोडी रक्कम घालायचं ठरवलं. बाई तोवर निवृत्त झाल्या होत्या, पण नवी सेविका वही घेऊन त्यांच्याकडेच बसायची. मी म्हणालो, “बाई, माझं नाव नका घालू. गुप्तदान समजा.” त्या म्हणाल्या, “गुप्तदान देवळात कर. इथं नाव वाचायचं. आज देताना नाव सांगितलंस तर उद्या मागायला लाज वाटायची न्हाई. आणि जी मागती, तिला कळू दे की देणाराबी काल मागायला आलेला.” माझी नोंद एका बाळंतिणीच्या जीपभाड्याखाली झाली. देणाऱ्यांसाठी वेगळं पान त्या वहीत कधीच नव्हतं.

आता एका देणगीदार मंडळाच्या निवड समितीवर मला बोलावतात. प्रत्येक अर्जाला मी विचारतो की हिशेब गावात कोण वाचणार आणि कुठल्या तारखेला. रकमेचा एक छोटा भाग हेडशिवाय गावाच्या हातात ठेवा, असाही आग्रह धरतो. लेखापरीक्षक नाक मुरडतात. कधी मान्य होतं, बऱ्याचदा होत नाही. एक अट मात्र मी हट्टाने घालतो: देणाऱ्यांपैकी एकाने तरी त्या सभेला येऊन बसावं आणि आपलं नाव बाकीच्यांच्या रांगेत ऐकावं. क्वचितच कोणी येतं. एकदा एका कंपनीचे साहेब आमच्या गावी आले, सतरंजीवर बसले, वही ऐकली. वाचून झाल्यावर मागच्या रांगेतून एक म्हातारी म्हणाली, “साहेब, तुमच्याकडं कोणी अडलं तर सांगा बरं का. हप्ते पाडून देऊ.” साहेब मोठ्याने हसले. म्हातारी गंमत करत नव्हती.