पाळी सुटली की कामतघर जेवतं

भिवंडीच्या धामणकर नाक्यावर बी.एन.एन. कॉलेज आहे. या तीन अक्षरांमागे 'भिवंडी निजामपूर नगरपालिका' एवढं लांबलचक नाव आहे, हे बऱ्याच मुलांना प्रवेशाचा अर्ज भरतानाच कळतं. कॉलेज मुंबई विद्यापीठाशी संलग्न, पण विद्यापीठाची वस्ती म्हणावी असं आसपास काही नाही. विद्यापीठाचं ठाण्याचं उपकेंद्रसुद्धा खाडीपलीकडे, बाळकुमला. झेरॉक्सची दुकानं, वह्या-पेनं, वडापावची गाडी एवढा सरंजाम फाटकापाशीच संपतो. तिथून कामतघरच्या रस्त्याला लागलेला मुलगा कॅफे शोधायला निघाला असेल तर हिरमुसतोच. मी जेवण शोधायला निघालो होतो, म्हणून माझं निभावलं.

कारण इथली खाण्याची वेळ कॉलेजची घंटा ठरवत नाही, माग ठरवतात. भिवंडीच्या यंत्रमागांवर बारा-बारा तासांच्या दोन पाळ्या चालतात. गल्लीत शिरलं की मागांची खटखट आधी कानावर येते, कारखाना नंतर दिसतो. पाळी बदलण्याच्या सुमाराला चहाच्या टपरीवर उभं राहायला जागा नसते. दुपारी दोनला, म्हणजे लेक्चरं संपून भूक लागते नेमकी तेव्हा, तीच टपरी पेंगत असते. कॉलेजच्या मुलांनी या वेळापत्रकाशी जुळवून घ्यायचं, टपरीवाला त्यांच्यासाठी बदलत नाही.

या वस्तीतलं खरं जेवणघर म्हणजे भिशी. पैसे जमवून चिठ्ठी काढतात ती भिशी नव्हे. ही मागावरच्या कामगारांची खाणावळ. महिन्याचे पैसे ठरलेले, दोन वेळचं जेवण, वहीत नावापुढे खूण. बाहेर पाटी नसते. दारातल्या चपलांचा ढीग आणि आतला ताटांचा आवाज, यावरून ओळखायचं. मला एका वर्गमित्राने नेलं, त्याचा काका तिथे बांधलेला गिऱ्हाईक होता. फरशीवर मांडी घालून दोन रांगा, स्टीलची खोलगट ताटं, वरण जरा पातळ पण कडकडीत गरम. वाढणाऱ्या बाईंनी मला पाहून एवढंच सांगितलं, "भात पायजे तर आत्ताच बोल बाबा, मागून नाय उरायचा." खरंच उरला नाही. शेजारचा माणूस पाच मिनिटांत ताट चाटूनपुसून उठलासुद्धा, कारण त्याची मजुरी विणलेल्या मीटरवर. जेवणात गेलेला वेळ थेट कमाईतून वजा होतो. शहरातल्या हॉटेलांत 'अमर्याद थाळी'ची पाटी वाचली की मला हा माणूस आठवतो.

उत्तरेकडून आलेल्यांच्या भिशीत एक चव, तेलुगू भिशीत दुसरी. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांचं पद्मानगर इथून हाकेच्या अंतरावर. तिथे किराणा दुकानाच्या पाट्यांवर तेलुगू अक्षरं, सकाळी इडली-डोशाच्या गाड्या, आणि दुकानदारणीला मावशी नाही, अक्का म्हणायचं. संक्रांतीला ओळखीच्या घरून सकिनालु आले तर नाही म्हणू नये. तांदळाच्या पिठात तीळ-ओवा घालून हातानेच वेढे घालायचे आणि तळायचे, चकलीचा सोऱ्या लागत नाही. कडक इतके, की दातांचा भरवसा असलेल्यानेच घाईने चावावेत.

मुळात कामतघर हे गाव, आणि या पट्ट्याची चव आगरी. तांदळाची भाकरी, सुकट, बोंबील, लालभडक मसाल्याचं कालवण. विकत मिळतं त्यापेक्षा हे कुणाच्या हळदीत नाहीतर जत्रेत जास्त छान मिळतं. म्हणून स्थानिक मित्र जोडणं फायद्याचं.

खरेदी म्हटली तर कापड. मागावरून उतरलेलं, न धुतलेलं, न रंगवलेलं ते ग्रे कापड. पांढरट-पिवळट, खळीमुळे ताठ, हाताला खरखरीत. त्याचे तागे टेम्पोतून प्रोसेसला जातात, पण ओळखीने उरलेले तुकडे मिळतात, काही ठिकाणी तर वजनावर. गॅदरिंगच्या पडद्यांसाठी याहून स्वस्त काही नाही. फक्त शिवण्याआधी भिजवून वाळवायचं, कारण ते आटतं. आमच्या नाटकाचा पडदा पावसाळी दमटपणात वीतभर वर चढला होता. प्रेक्षकांना नटांचे पाय तेवढे आधी दिसले.

फिरायला जायचं ते वऱ्हाळा देवीच्या तलावावर. काठावर देवीचं देऊळ. शहराच्या पाण्याचा एक लहानसा वाटा आजही या तलावातून येतो, त्यामुळे हा नुसता शोभेचा तलाव नाही. संध्याकाळी चालायला येणारी मंडळी, भेळ, कणीस आणि अभ्यासाचं निमित्त काढून आलेली जोडपी. गणपतीत विसर्जनाची गर्दी होते, नवरात्रात देवीच्या दर्शनाची. त्याच दिवसांत पद्मानगरच्या बायका बतुकम्मा या आपल्या सणासाठी तेरडा, झेंडू, कुरडूच्या फुलांचे थर रचतात. एकाच वस्तीत दोन भाषांची नवरात्र बघायची तर तेव्हाच यावं.

यायचं कसं, हा मात्र जरा त्रासाचा प्रश्न. भिवंडी रोड स्टेशन वसई-दिवा मार्गावर, आणि त्या मार्गावर मुंबईसारखी दर चार मिनिटांना लोकल नाही. स्टेशनाजवळचा अंजूर फाटा ज्या गावाच्या नावाने आहे, ते 1737-39 च्या वसई मोहिमेत वावरलेल्या गंगाजी नाईक अणजूरकरांचं. आज फाट्यावर त्यांची आठवण कुणी काढत नाही, कंटेनरच्या रांगेत अडकलेला माणूस दुसरंच काहीतरी बोलतो. ठाणे-भिवंडी-कल्याण मेट्रोचं भूमिपूजन 2018 च्या डिसेंबरात झालं. तिचा पहिला टप्पा धामणकर नाक्यापर्यंतच आहे. तूर्त शेअर रिक्षा बरी, आणि सुटे पैसे हातात ठेवावेत. पाळी सुटायच्या वेळी निघालात तर बसायला जागा मिळणार नाही.