आडात नाही तर पोहऱ्यात कुठून?

मागच्या सत्रात आपल्या वर्गातल्या एका मुलाने मला विचारलं, "दादा, तुम्ही ऑफिसमध्ये दिवसभर कोड लिहिता का?" खरं सांगू? नाही. बराच वेळ मी गोल, चौकोन आणि बाण काढत बसतो. या चित्राला डेटा फ्लो डायग्रॅम म्हणतात. माहिती कुठून येते, तिचं पुढे काय होतं आणि ती कुठे जाते, एवढंच त्यात दाखवायचं.

रीत सोपी आहे. बाहेरची माणसं किंवा कचेऱ्या म्हणजे चौकोन. प्रोग्रॅम जे काम करतो ते गोलात लिहायचं. माहिती साठवायची जागा दोन समांतर रेषांनी दाखवायची. आणि माहितीचा प्रवास म्हणजे बाण. प्रत्येक बाणावर नाव लिहायचंच. १९७०च्या दशकात एड यॉर्डन, लॅरी कॉन्स्टंटाइन, टॉम डीमार्को अशा लोकांनी ही पद्धत रुजवली. कॉलेजात मला हा विषय अगदी कंटाळवाणा वाटायचा. मी मराठी शाळेत शिकलेला, इंग्रजी पुस्तक डिक्शनरी शेजारी ठेवून वाचायचो. परीक्षेत बाणांवरची नावं गाळायचो आणि मार्क घालवायचो.

ती नावं कशाला हवीत, ते मला पुण्यात पहिल्या नोकरीत कळलं. काही दुकानांसाठी प्रोग्रॅम लिहायचा होता. कोणत्या महिन्यात कोणता माल किती मागवायचा, ते त्याने सांगायचं. माझ्याकडे वर्षभराच्या विक्रीचा आकडा होता. मी त्याला १२ने भागलं. झालं काम! मग भर जानेवारीत एका दुकानात छत्र्यांची खोकी येऊन पडली. तिथे पाऊस जूनमध्ये येतो, हे तुम्हाला आईबाबांनी सांगितलं असेलच.

आमच्या सीनियर मॅडम रागावल्या नाहीत. त्यांनी कागदावर एक गोल काढला.

"यात आत काय जातंय?"

"वर्षाची विक्री," मी म्हणालो.

"आणि बाहेर काय येतंय?"

"महिन्याची विक्री."

"पाऊस कधी पडतो, हे आत कुठून आलं?"

मी गप्प. तेव्हा त्या म्हणाल्या, "अरे, आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?"

आड म्हणजे छोटी विहीर. पोहरा म्हणजे दोरी बांधून विहिरीतून पाणी काढायचं भांडं. विहीरच कोरडी असेल तर भांड्यात पाणी कसं येईल? गोलाचंही तसंच आहे. जी माहिती आत गेलीच नाही, ती बाहेर येऊ शकत नाही. आलीच, तर ती कोणीतरी मनाने बनवलेली असते.

छत्र्या पुढे पावसाळ्यात खपल्या. पण इथे ऑस्ट्रेलियात असाच भागाकार माणसांच्या बाबतीत झाला. रोबोडेट हा शब्द तुम्ही बातम्यांत ऐकला असेल. विद्यार्थी, आजारी माणसं, नोकरी नसलेले लोक यांना सरकार सेंटरलिंकमार्फत पैशांची मदत देतं. मदत घेणाऱ्याने दर पंधरवड्याला आपली कमाई कळवायची असते. पंधरवडा म्हणजे फोर्टनाइट. (आपल्या पंचांगात पंधरवडे कधीपासूनच आहेत, त्यामुळे हा शब्द मला इथे येऊन शिकावा लागला नाही!) कर खात्याकडून मात्र वर्षाच्या कमाईचा आकडा यायचा. २०१५मध्ये एक योजना सुरू झाली. दोन्ही आकडे जुळले नाहीत की माणसाला पत्र जायचं. त्याने जुन्या पगाराच्या पावत्या दिल्या नाहीत, तर वर्षाचा आकडा सगळ्या पंधरवड्यांत सारखा वाटून टाकायचे.

समजा, तुम्ही जुलै ते डिसेंबर कॅफेत काम केलंत. १३ पंधरवडे, प्रत्येकी १,००० डॉलर. मग नोकरी सुटली. पुढचे १३ पंधरवडे तुम्ही मदत घेतलीत आणि कमाई शून्य, असं खरं खरं कळवलंत. आता १३,००० भागिले २६. उत्तर ५००. म्हणजे हिशोब म्हणणार की तुम्ही प्रत्येक पंधरवड्याला ५०० डॉलर कमावत होतात आणि शून्य सांगत होतात. घेतलेले पैसे परत करा!

लोक याला कॉम्प्युटरची चूक म्हणतात. मला ते पटत नाही. भागाकार अगदी बरोबर होता. आत जाणाऱ्या बाणावर "वर्षाची कमाई" होतं आणि बाहेरच्या बाणावर "पंधरवड्याची कमाई". पूर्वी अधिकारी स्वतः तपास करायचे, गरज पडली तर मालकाला विचारायचे. तो बाणच या चित्रातून पुसला गेला. काहींना कित्येक वर्षांपूर्वीच्या पावत्या शोधायला लागल्या. असा हिशोब कायद्यात बसत नाही, असं सरकारच्याच एका खात्यातल्या वकिलांनी २०१४मध्ये सांगितलं होतं. तरीही योजना चालली. मे २०२०मध्ये सरकारने सुमारे ४ लाख ७० हजार वसुल्यांचे ७२ कोटी १० लाख डॉलर परत करायचं जाहीर केलं. नंतर कॅथरीन होम्स यांच्या रॉयल कमिशनने चौकशी केली. त्यांचा अहवाल जुलै २०२३मध्ये आला. ज्यांनी मुलगा गमावला अशा आयांनीही त्या कमिशनपुढे साक्ष दिली. ते वाचताना मला छत्र्या आठवल्या. २६ने भागायला कोडची एक ओळ पुरते. बावीस वर्षांचा मी, मला ती ओळ लिहायला सांगितली असती, तर मी बहुतेक न विचारता लिहिली असती.

आता वही घ्या. तुम्ही शाळेत गेला नाहीत की आईबाबांच्या फोनवर मेसेज येतो ना? तो कसा येतो, त्याचं चित्र काढा. हजेरी कोण घेतं? ती कुठे साठते? आईबाबांचा नंबर कुठून येतो? आणि तुम्ही डेंटिस्टकडे गेला होतात, ही माहिती कोणत्या बाणाने आत जाते? शनिवारी वर्गात वही कॅमेऱ्यासमोर धरा. मी आधी बाणांवरची नावं बघणार आहे.