सूरु किथे आहे?

फिजिओथेरपिस्टच्या कामात हात नंतर चालतात, आधी तोंड चालतं. कुठे दुखतं, कधीपासून, बसताना की उठताना, रात्री झोप लागते का, सांगितलेला व्यायाम केला का. पेशंटच्या घरी गेलं की सुरुवातीचा बराच वेळ मी नुसते प्रश्न विचारत असते. कल्याण-उल्हासनगर पट्ट्यात हे काम करताना मराठी आणि हिंदीवर माझं चांगलं भागत होतं. सिंधी शिकायची वेळ एका अमांमुळे आली.

अमां नव्वदीला टेकलेल्या. जन्म शिकारपूरचा. फाळणीनंतर आईवडिलांबरोबर आल्या त्या थेट कल्याणच्या लष्करी छावणीतल्या बराकीत. दुसऱ्या महायुद्धात सैनिकांसाठी उभारलेल्या त्या छावण्यांना १९४९ साली उल्हासनगर हे नाव मिळालं, तरी इथला माणूस पत्ता सांगताना अजून 'कॅम्प तीन', 'कॅम्प पाच' असाच सांगतो. घरात पडल्यामुळे अमांच्या डाव्या खुब्याचं ऑपरेशन झालं होतं आणि त्यानंतर त्यांची हिंदी हळूहळू विरत गेली. जन्मभर बाजारात आणि रेशनच्या रांगेत वापरलेली हिंदी! आता मी हिंदीत काही विचारलं की त्या क्षणभर माझ्याकडे बघायच्या आणि सिंधीत बोलायला लागायच्या. सूनबाई, म्हणजे माझ्या भाभी, मध्ये दुभाषी म्हणून उभ्या. दुभाष्याची अडचण अशी की तो उत्तर निवडून-पाखडून देतो. अमां चांगलं दोन मिनिटं बोलायच्या आणि भाभी मला सांगायच्या, "कुछ नहीं, बोलती हैं ठीक है." दोन मिनिटांत नुसतं 'ठीक है' कसं मावेल?

मी भाभींना म्हटलं, मला सिंधी शिकवा, पण फक्त प्रश्न. त्यांना हे विचित्र वाटलं. नमस्कार-चमत्कार, आकडे, 'हीउ किताबु आहे' अशी त्यांच्या डोक्यातली सुरुवात होती. नवशिक्यांची सगळीच पुस्तकं अशी सुरू होतात आणि मला त्याचं नेहमी नवल वाटतं. समोरच्याला दिसत असलेलं पुस्तक 'हे पुस्तक आहे' म्हणून सांगायची वेळ आयुष्यात कोणावर येते? परक्या भाषेत माणूस शिरतो तो काहीतरी विचारायला. भाभींनी माझ्याच तपासणीच्या कागदामागे देवनागरीत लिहून दिलं: छा म्हणजे काय, केरु म्हणजे कोण, किथे म्हणजे कुठे, कॾहिं म्हणजे कधी, छो म्हणजे का, कीअं म्हणजे कसं, कहिड़ो म्हणजे कोणता. किती विचारायला केतिरो, पण बोलताना बरेचदा घणो. एवढ्यावर दुकान उघडता येतं.

देवनागरीत लिहिलं हेही सांगण्यासारखं आहे. अमां वाचतात ती अरबी वळणाची सिंधी, बावन्न अक्षरांची. ही लिपी इंग्रज सरकारने १८५३ मध्ये ठरवून दिली. सिंध तेव्हा मुंबई इलाख्यातच होता, १८४७ पासून १९३६ पर्यंत. ही लिपी ठरण्याच्या चारच वर्षं आधी, १८४९ मध्ये, कॅप्टन जॉर्ज स्टॅक याचं सिंधी व्याकरण मुंबईत छापलं गेलं होतं, ते मात्र देवनागरी वापरून. लिपीचा तो वाद सिंधी लोक इकडे आल्यावरही मिटला नाही. या घरात सासू अरबीत वाचते, सून देवनागरीत लिहिते आणि नातू आजीसाठीचा निरोप मोबाइलवर रोमन अक्षरांत टाकतो, जो आजीला वाचताच येत नाही. तो भाभी वाचून दाखवतात.

मराठी माणसाला सिंधी प्रश्नात पहिला आनंद होतो तो शेवटच्या शब्दाचा. सूरु किथे आहे? सूरु म्हणजे दुखणं, कळ. बाकी वाक्यातला 'आहे' आपलाच, जसाच्या तसा. हिंदीचा 'है' ओलांडून पार सिंधू नदीकाठी आपला 'आहे' भेटावा याची मला इतकी गंमत वाटली की घरी येऊन मी सगळ्यांना ऐकवलं. नाही म्हणायला 'नाहे'. रचनाही ओळखीची. प्रश्नाचा शब्द क्रियापदाच्या जरा आधी बसतो, वाक्य उलटंपालटं करावं लागत नाही. षष्ठी तर आपल्यासारखीच लिंगाप्रमाणे बदलते: कंहिंजो पुटु म्हणजे कोणाचा मुलगा, कंहिंजी धीउ म्हणजे कोणाची मुलगी. चा-चीच्या जागी जो-जी ठेवायचे. कसा-जसा-तसा ही आपली तिकडी तिथे कीअं-जीअं-तीअं होऊन येते, आणि कॾहिंच्या मागे जॾहिं-तॾहिं. म्हणजे एक प्रश्न पाठ केला की दोन जोडशब्द फुकट.

हो-नाहीच्या प्रश्नाशी मात्र जिभेची जुनी सवय भांडते. आपण शेवटी 'का' लावतो. सिंधीत लिहिताना 'छा' वाक्याच्या सुरुवातीला येतो: छा तव्हीं सिंधी आहियो? बोलताना तोही गळतो आणि नुसता सूर चढवला की काम होतं. मराठी तोंडातून शेवटचा 'का' सुटत नाही, आणि सिंधीत 'का' म्हणजे 'एखादी, कोणतीतरी'. उल्हासनगरात हे चालून जातं, कारण इथल्या सिंधी माणसाच्या कानावर मराठी 'का' रोज पडतो. छा आणि छो, म्हणजे काय आणि का, यांत मात्र एका स्वराचाच फरक आहे. घाईत बोलणाऱ्याने जपून राहावं. आणि आमच्याकडे 'छ्या!' म्हणून धुडकावतात त्याच्या इतक्या जवळचा हा शब्द, की पहिले काही दिवस अमां काहीही विचारू लागल्या की मला वाटायचं, माझा व्यायामच त्यांना पसंत नाही.

खरी मेहनत पडते ती क्रियापदाच्या शेपटीवर. कुठे जातोस हे मुलाला विचारायचं तर 'तूं किथे थो वञीं', मुलीला 'किथे थी वञीं', मोठ्यांना 'तव्हीं किथे था वञो'. थो-थी-था तोंडात बसेपर्यंत माणूस प्रश्न विचारायलाच कचरतो. यावर मला जी वाट सापडली ती शिकणाऱ्या प्रत्येक मराठी माणसाला मी आवर्जून सांगते: भूतकाळात विचारा. दवा खाधी? कसरत कई? निंड आई? इथे क्रियापद औषधाच्या, व्यायामाच्या, झोपेच्या लिंगाने चालतं, समोर बाई आहे की बुवा याच्याशी त्याला कर्तव्य नाही. आपलं 'औषध घेतलं? भाकरी खाल्ली?' हेच तंत्र. माझे निम्मे प्रश्न आदल्या दिवसाबद्दलच असतात, त्यामुळे ही वाट मला अगदी सोयीची पडली. दुसरी सोय दारात उभं राहून विचारायच्या प्रश्नाची. अचां? म्हणजे 'येऊ?' एकच शब्द, कर्ता आत, परवानगी आत, प्रश्नचिन्हही आत.

उच्चारांचं काय सांगू! सिंधीत ग, ज, ड, ब यांची प्रत्येकी एक वेगळी आवृत्ती आहे, ॻ ॼ ॾ ॿ, खाली आडवी रेघ देऊन लिहितात. हे उच्चारताना स्वरयंत्र किंचित खाली ओढलं जातं आणि हवा बाहेर फेकली जाण्याऐवजी आत खेचली जाते. घोट घेता घेता बोलल्यासारखा आवाज येतो. बारु म्हणजे ओझं आणि ॿारु म्हणजे मूल, तेव्हा हा फरक हौसेचा नाही. व्यवसायामुळे गळ्याची रचना मला माहीत, पण माहीत असून जमत नाही हेही तितकंच खरं. कॾहिंमधला ॾ मी साधाच म्हणते. भाभी म्हणतात, कळतं, राहू दे. शब्दाच्या शेवटचा तो पुसट उकार मात्र मी जिद्दीने म्हणते: सूरु, पुटु, केरु. उल्हासनगरातली तरुण मुलं तो गाळतात. मला तो आवडायचं कारण ज्ञानेश्वरी. १२९० च्या त्या मराठीतही देवु, विवेकु असे उकारांत शब्द पानोपानी आहेत. आपण तो उकार कधीच टाकून दिला, यांनी जपला.

अमांच्या बोलण्यात आणखी एक गोष्ट होती, जी भाभींच्या कागदावर नव्हती. त्या विचारायच्या, "छा चयुइ?" मी काय म्हणाले असं त्या विचारताहेत हे कळायचं, पण वाक्यात 'तू' कुठे आहे? तो शेवटच्या इकारात दडलेला. आपल्या 'काय म्हटलंस?' मधल्या 'स'मध्ये असतो तसाच. फक्त आपण त्या 'स'वर थांबतो आणि सिंधी बरीच पुढे जाते. चयोमांसि या एका शब्दात 'मी त्याला म्हटलं' हे सगळं येतं, म्हणणारा आणि ऐकणारा दोघेही क्रियापदाच्या पाठीवर. प्रश्नांत याचा नित्य वापर 'अथ' ला शेपूट लावून होतो: नालो छा अथई? म्हणजे तुझं नाव काय. तेच आदराने अथव. सूरु अथव? म्हणजे दुखतंय का तुम्हाला. उत्तर 'अथमि', आहे मला. हे रूप हाती लागलं तेव्हा माझ्या प्रश्नांचा पुस्तकी कोरडेपणा गेला, असं भाभींचं मत. त्यांचा मुलगा हे सगळं समजतो आणि उत्तर हिंदीत देतो. इंग्रजी शाळा, क्लास, मित्र, तो तरी काय करणार.

प्रश्न आले म्हणून उत्तरं येतात असं नाही. नवशिक्याला ही गोष्ट कोणी सांगत नाही. तुम्ही नीट उच्चारात विचारलंत की समोरच्याला वाटतं तुम्हाला भाषा येते, आणि तो सुटतो. 'कीअं आहियो, अमां?' एवढं विचारल्यावर शिकारपूरच्या झाकलेल्या बाजारापासून सुनेने केलेल्या कमलकाकडीच्या भाजीपर्यंत काहीही येऊ शकतं. म्हणून मी उत्तर अरुंद करणारे प्रश्न शिकत गेले. बोट दाबून "हिते?" म्हणजे इथे? "कॾहिं खां?" म्हणजे कधीपासून? "केतिरनि ॾींहंनि खां?" म्हणजे किती दिवसांपासून? "हाणे कीअं आहे?" म्हणजे आता कसं वाटतं?

एक प्रश्न मी शिकले नव्हते, पण कॅम्पात फिरताना कानावर येऊन पाठ झाला. दोन अनोळखी सिंधी भेटले की जरा वेळाने विचारतात, असुल किथे जा आहियो? मूळचे कुठले? याचं उत्तर उल्हासनगर असं नसतं. शिकारपुर जा, लाड़काणे जा. इथेच जन्मलेला, सिंध नकाशातच पाहिलेला माणूससुद्धा असंच सांगतो. अमांनी एकदा मलाच विचारलं, "तूं किथे जी आहीं?" मी म्हटलं, "सातारे जी." पुढचा प्रश्न लगेच आला, "उते वेंदी आहीं?" तिथे जातेस का? हो, गणपतीला जाते, असं मी भाभींकरवी सांगितलं. अमांनी मान डोलावली आणि पापड आणायला सांगितला. सिंधी घरात पाहुण्याला पाण्याबरोबर पापड येतोच.

शेवटी मला हवा तो प्रश्न वेदनेच्या मापाचा होता. शून्य म्हणजे काहीच नाही, दहा म्हणजे असह्य. आम्ही प्रत्येक भेटीत हा आकडा लिहितो. भाभींमार्फत तो नेहमी तीन किंवा चार यायचा. एका सकाळी भाभी स्वयंपाकघरात होत्या आणि मी एकटीच अमांसमोर बसले. दोन्ही गोॾा म्हणजे गुडघे चाचपून विचारलं, "ॾहनि मां घणो?" दहापैकी किती?

अमां म्हणाल्या, "हिकु ॾह, ॿियो ॿ."

एक दहा, दुसरा दोन. माझ्या जिभेवर कधी न बसलेले ते आत ओढलेले आवाज एका दमात, स्वच्छ. दोन्हींचा मिळून एकच आकडा सांगायची पद्धत भाभींची होती, अमांची नव्हे. मी विचारलं, "कहिड़ो ॾह?" कोणता दहा?

"हीउ," म्हणून त्यांनी उजव्या गुडघ्यावर थाप मारली. ऑपरेशन डावीकडचं, त्यामुळे आमचं सगळं लक्ष डाव्या पायावर. त्या मात्र डावा पाय जपण्यासाठी सगळा भार उजव्यावर टाकून चालत होत्या. त्याच दिवशी वॉकरची उंची एक खाच वर केली, उजव्या मांडीचे व्यायाम तक्त्यात आधी घातले आणि भाभींना सांगितलं की आता आकडा मी स्वतःच विचारीन, दोन्ही गुडघ्यांचा वेगवेगळा.