गाव वसवण्याचा खेळ

माणसाची खरी ओळख त्याच्या कामावरून पटत नाही, खेळावरून पटते. कोणी पत्ते पिसतो, कोणी पटावर राजाला कोंडतो. मी रात्री जेवणानंतर संगणकापुढे बसून गाव वसवतो. 'अहो, इतक्या वेळात काय केलंत?' सौ. विचारते. 'फळबाग लावली.' 'मग फळं कुठं आहेत?' 'ती यायला अजून काही वर्षं आहेत!' यावर ती जे हसते, त्याला उत्तर नाही.

या खेळांची कुळकथा मोठी गमतीची आहे. विल राइट नावाच्या अमेरिकन गृहस्थाने १९८४ साली हेलिकॉप्टरमधून कारखान्यांवर बॉम्ब टाकण्याचा एक खेळ रचला. त्यातली बेटे मांडता मांडता त्याच्या ध्यानात आले, की उडवण्यापेक्षा उभारण्यातच अधिक रंग आहे! त्यातून १९८९ साली 'सिमसिटी' जन्मला. त्यात ना जय, ना पराजय. असल्या खेळाला गिऱ्हाईक कुठले, म्हणून प्रकाशक आधी बिचकले होते.

माझा लाडका खेळ मात्र 'बॅनिश्ड'. एकट्या माणसाने रचलेला हा खेळ २०१४ साली आला. हद्दपार झालेली मूठभर कुटुंबे रानात येतात. पैसा नाही, व्यापार सारा अदलाबदलीचा. कोणाची स्वारीही येत नाही. भय ते हिवाळ्याचे. सरपण फोडावे, धान्य साठवावे. मुलांना शाळेत घातले तर काही वर्षे कामाचे हात कमी पडतात. पण शिकलेली माणसे पुढे अधिक काम उरकतात. माझ्यासारख्या शिक्षकाला हा हिशेब गोड वाटला तर नवल काय?

खेळाचे मर्म मात्र घरांत आहे. तरुण जोडप्याला घर मिळाले, तरच पाळणा हलतो. एकदम पुष्कळ घरे बांधावीत, तर खाणारी तोंडे वाढून कोठार रिकामे होते. मुळीच बांधू नयेत, तर पोरे आईबापांच्या छपराखालीच थोराड होतात, आणि एके दिवशी शेतात उतरायला कोणी उरत नाही. तोवर गाव किती सुखी दिसत असते!

हे उमगल्यापासून मी शाळेचा हजेरीपट निराळ्या नजरेने वाचतो. शाळेमागची वसाहत एकाच सुमारास उभी राहिली. तेव्हा सारीच जोडपी तरुण होती. वर्गात बाके पुरत नसत. आज त्याच घरांच्या ओट्यांवर आजीआजोबा ऊन खात बसतात, मुले पोटामागे शहरांत गेली आहेत, आणि पहिलीच्या वर्गात नऊ पोरे आहेत. यात कोणाचाच अपराध नाही; वीस वर्षांपुढचे पाहायला कोणाला सवड नव्हती, इतकेच.

ती सवड हा संथ खेळ देतो. आज लावलेल्या झाडाची सावली कोणाच्या अंगणात पडेल, याचा विचार करायला तो शिकवतो. आणि असा विचार करणारी चार माणसे प्रत्येक गावात असली, तर कोणत्याच शाळेची घंटा रिकाम्या वर्गांसाठी वाजणार नाही.