राइट सर

काश्मीरच्या पोस्टिंगमध्ये बर्फाने रस्ता बंद झाला की आम्ही संध्याकाळी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ खेळायचो. डंजन मास्टर मी. एकदा एका लेफ्टनंटचा योद्धा शून्य हिट पॉइंटवर बेशुद्ध पडला आणि राक्षसाने जवळून घाव घातला. मी म्हणालो, “मेला.”

“सर, पाचव्या आवृत्तीत अशा घावाचे दोन फेल्युअर धरतात. मरायला तीन लागतात.”

खेळ अडू नये म्हणून मी निर्णय रेटला. तो “राइट सर” म्हणून गप्प झाला. तेच मला खटकलं. त्या टेबलावर मी पंच होतो, सीओ नव्हतो.

रात्री पुस्तक उघडलं. त्याचंच बरोबर होतं. दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर चूक कबूल केली, योद्धा परत खेळात घेतला. निर्णय आजही लगेच देतो, पण नंतर पुस्तक बघतोच.

पुढच्या शनिवारी तो पुन्हा वाद घालू लागला. बरं वाटलं.