तयार होऊनही न निघालेला रोव्हर

मार्च २०२२. इटलीतील तुरिन शहरात एका निर्जंतुक दालनात सहा चाकांचा, सुमारे ३०० किलो वजनाचा एक रोव्हर प्रवासाला सज्ज होऊन उभा होता. नाव रोझालिंड फ्रँकलिन. सप्टेंबरमध्ये कझाकस्तानातील बैकानूरहून रशियाच्या प्रोटॉन अग्निबाणाने तो मंगळाकडे निघायचा होता. पण २४ फेब्रुवारीला रशियाने युक्रेनवर आक्रमण केले होते. १७ मार्चला युरोपीय अंतराळ संस्थेच्या, म्हणजे ईसाच्या, परिषदेने रशियाबरोबरचे या मोहिमेतील सहकार्य स्थगित केले. रोव्हर प्रक्षेपणास योग्य असल्याचा निर्वाळा तज्ज्ञांनी त्याच महिन्यात दिला, हा योगायोग क्रूरच म्हणावा लागेल.

या रोव्हरचे वेगळेपण त्याच्या छिद्रकात आहे. तो जमिनीत दोन मीटर खोल जाऊ शकतो. नासाच्या रोव्हरांची छिद्रके जेमतेम काही सेंटीमीटर जातात. मंगळाला दाट वातावरण नाही आणि पृथ्वीसारखे चुंबकीय कवचही नाही. अवकाशातून येणारे प्रारण पृष्ठभागालगतच्या सेंद्रिय रेणूंची अब्जावधी वर्षे मोडतोड करीत आले आहे. प्राचीन जीवसृष्टीचा माग राहिला असेलच, तर तो खाली राहिला असण्याची शक्यता अधिक. म्हणून ऑक्सिया प्लानम हे चिकणमातीयुक्त खनिजांचे मैदान निवडले गेले. तेथे एके काळी पाणी होते, याची साक्ष ती खनिजेच देतात.

आता थोडे मागे जावे लागेल. ईसाच्या सदस्य देशांनी २००५ साली एक्झोमार्स मोहिमेला मान्यता दिली, तेव्हा प्रक्षेपणाचे साल ठरले होते २०११. ते आधी २०१३ वर गेले, मग आणखी पुढे. आराखडा फुगत गेला, खर्च वाढला आणि एकट्या युरोपला तो पेलवेना. २००९ मध्ये नासाशी करार झाला. अमेरिकेचे अग्निबाण, दोघांची उपकरणे, २०१६ मध्ये कक्षीय यान आणि २०१८ मध्ये रोव्हर, अशी ती मांडणी होती.

ती तीन वर्षेही टिकली नाही. फेब्रुवारी २०१२ मध्ये ओबामा प्रशासनाने मांडलेल्या अर्थसंकल्पात ग्रहविज्ञानाचा निधी सुमारे एक पंचमांशाने कमी करण्याचा प्रस्ताव होता. जेम्स वेब दुर्बिणीच्या वाढत्या खर्चाने नासाची तिजोरी आधीच ताणली होती. नासा एक्झोमार्समधून बाहेर पडली. यात कोणाचे शत्रुत्व नव्हते. एका देशाच्या हिशेबाच्या वहीत एक ओळ खोडली गेली आणि दुसऱ्या खंडातील शास्त्रज्ञांची वर्षे वाया गेली. आंतरराष्ट्रीय सहकार्याची भाषणे ऐकताना ही वही आठवावी.

मार्च २०१३ मध्ये रशिया आला. त्याने दोन प्रोटॉन अग्निबाण दिले आणि 'कझाचोक' नावाचे अवतरण-यान बांधण्याची जबाबदारी घेतली. भारतीय वाचकाला यातील एक गोष्ट ओळखीची वाटेल. चांद्रयान-२ साठी २००७ च्या करारानुसार लँडर रशियाच देणार होता. २०११ मध्ये त्यांची फोबोस-ग्रुंट मोहीम फसली, लँडर लांबत गेला आणि अखेर भारताने स्वतःचा 'विक्रम' घडवला. युरोपला मात्र तो धडा आणखी नऊ वर्षांनी मिळायचा होता.

मधल्या काळातील विलंबांचे खापर केवळ राजकारणावर फोडणे अन्यायाचे ठरेल. मार्च २०१६ मध्ये निघालेले कक्षीय यान मंगळाभोवती स्थिरावले, पण सोबतचे चाचणी-यान 'स्कियापारेली' ऑक्टोबरमध्ये पृष्ठभागावर आदळून नष्ट झाले. आपण जमिनीच्याही खाली आहोत, असा हिशेब त्याच्या संगणकाने काढला होता. प्रत्यक्षात ते कित्येक किलोमीटर उंचीवर होते. २०१९ मध्ये हवाईछत्र्या चाचण्यांत फाटल्या. त्यात करोना आला, आणि २०२० चे प्रक्षेपण २०२२ वर ढकलले गेले. मंगळाकडे जाण्याची अनुकूल संधी सुमारे २६ महिन्यांनी एकदाच येते, त्यामुळे थोडासा उशीरही दोन वर्षांचा होतो.

रशिया गेल्यावर नेमके काय गेले, हे पाहण्यासारखे आहे. अग्निबाण गेला, अवतरण-यान गेले, दोन वैज्ञानिक उपकरणे गेली. आणखी एक लहानशी वस्तूही गेली. मंगळाच्या जीवघेण्या रात्री यंत्रे गोठू नयेत म्हणून प्लुटोनियम-२३८ ची ऊब देणाऱ्या छोट्या कुप्या लागतात. तशा युरोपकडे नाहीत. हा पदार्थ मुख्यतः शीतयुद्धातील अण्वस्त्र-कारखान्यांचे अपत्य. अमेरिकेतही त्याचे उत्पादन १९८८ मध्ये थांबले होते, आणि पुढे तिने तो चक्क रशियाकडूनच विकत घेतला! ब्रिटनमध्ये अमेरिसियमवर आधारित पर्याय विकसित होत आहे. पण या मोहिमेला तो वेळेत मिळणार नव्हता. म्हणजे पुन्हा अमेरिकेचेच दार. आणि अमेरिकी किरणोत्सारी कुप्या बसवल्या की प्रक्षेपणही अमेरिकेच्या भूमीवरूनच करावे लागते. टॉर्चच्या सेलएवढ्या वस्तूने यानाची दिशा ठरवली, असे म्हटले तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

नोव्हेंबर २०२२ मध्ये पॅरिसच्या बैठकीत सदस्य देशांनी मोहीम जिवंत ठेवण्यासाठी पैसा मंजूर केला. मे २०२४ मध्ये नासाशी नवा करार झाला: प्रक्षेपण, कुप्या आणि उतरताना जोर कमी-जास्त करता येणारी इंजिने अमेरिका देणार. अवतरण-यान या वेळी युरोप स्वतः बांधणार. नवे साल २०२८; धुळीच्या वादळांचा ऋतू टाळण्यासाठी लांबचा मार्ग घेऊन अवतरण २०३० मध्ये. हा करार होऊन वर्ष होते न होते तोच, मे २०२५ मध्ये ट्रम्प प्रशासनाच्या अर्थसंकल्पीय प्रस्तावात या मोहिमेतील अमेरिकी सहभागाचा निधीच वगळलेला होता. प्रस्ताव म्हणजे कायदा नव्हे, अंतिम शब्द अमेरिकी काँग्रेसचा; पण २०१२ ज्यांनी पाहिले होते त्यांना तो कागद वाचताना काय वाटले असेल, याची कल्पना करता येते.

या रोव्हरला २०१९ मध्ये जिचे नाव दिले गेले, त्या रोझालिंड फ्रँकलिनच्या प्रयोगशाळेत १९५२ साली टिपलेल्या क्ष-किरण छायाचित्राने डीएनएच्या रचनेचा उलगडा होण्यास मदत केली. १९५८ मध्ये, वयाच्या ३७ व्या वर्षी ती गेली. त्या शोधाचे नोबेल १९६२ मध्ये इतर तिघांना मिळाले.

दरम्यान रोव्हरवरून रशियन उपकरणे काढण्यात आली. खडकांतील खनिजे दुरून ओळखणाऱ्या अवरक्त वर्णपटमापकाची जागा वेल्समधील ॲबेरिस्टविथ विद्यापीठाच्या नेतृत्वाखाली घडवलेले उपकरण घेणार आहे. त्याचे नाव 'एन्फिस'. वेल्श भाषेत इंद्रधनुष्य.